किल्ली परत देईपर्यंत

कोल्हापुरात रिकाम्या जागा थोड्या दिवसांसाठी मागून घेऊन त्यात चित्रं-नाटकं करणारा आमचा गट. 2022 साली आमची उलाढाल पहिल्यांदा वीस लाखांवर गेली आणि जीएसटीची नोंदणी करायची वेळ आली. सीएंनी लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं, ‘व्यवसायाची मुख्य जागा?’ मी म्हटलं, ‘नाही.’ ‘नाही कशी? धंदा कुठं करता?’ त्या महिन्यात आम्ही एका बंद गोठ्यात होतो, त्याच्या आधी एका मंगल कार्यालयाच्या तळघरात. शेवटी आमच्या घरचा पत्ता पडला. टपाल आलं की आई अजून विचारते, ‘कुणाचं गं हे ऑफिस आपल्यात?’

आम्ही पाच जण 2013 मध्ये जी. डी. आर्ट ही कलेची पदविका करून बाहेर पडलो. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, आणि आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या चित्रकारांची नावं पहिल्या वर्षापासून कानावर असतात. पण गॅलरीत चित्रं लावली की बघायला येणार कोण? आमचेच मास्तर, आमचेच मित्र, आणि उद्घाटनाचे पेढे. रस्त्यावरचा माणूस चप्पल काढायची का नाही या विचारात दारातूनच मागं फिरायचा.

पहिली जागा मिळाली ती पिठाच्या गिरणीची. शुक्रवार पेठेत माझ्या मावशीच्या दिरांची गिरणी बंद पडली होती. मशीन विकून झालं होतं आणि नवा भाडेकरू यायला बावीस दिवस होते. आम्ही झाडू आणि चुना घेऊन गेलो. आत भिंतींवर, वाशांवर, जुन्या वायरींवर पिठाचा थर. आमच्यातल्या एकानं सहज बोटानं भिंतीवर रेघ ओढली आणि झाडू तसाच कोपऱ्यात राहिला. वर काही चढवायचं नाही, पीठ काढत काढत चित्र काढायचं, असं ठरलं. सगळी भिंत तशी केली.

शटर अर्धं वर दिसल्यावर बायका डबे घेऊन आल्या. ‘गिरणी सुरू झाली व्हय?’ नाही म्हटल्यावर निम्म्या परत गेल्या, निम्म्या आत आल्या. एक आज्जी ज्वारीचा डबा खाली ठेवून बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, ‘ह्यो पट्टा हितनं फिरायचा,’ आणि पट्टा कसा फिरायचा ते त्यांनी भिंतीवर बोटानं काढून दाखवलं. त्या प्रदर्शनातली सगळ्यात चांगली रेघ त्यांची होती. माझ्यापेक्षा चांगली, हे मी तेव्हा कबूल केलं नव्हतं.

बाविसाव्या दिवशी किल्ली द्यायला गेले तर मावशीचे दीर बॅटरी घेऊन भिंत तपासायला लागले. दिवे टांगायला आम्ही चौदा खिळे मारले होते. ‘गाळा दिला तवा भोकं नव्हती.’ आम्ही पुट्टी भरली, रंग दिला, तरी त्यांचा चेहरा काही सुटला नाही. त्यांचं बरोबरच होतं. जागा मागून घेणं कुणालाही जमतं. मिळाली तशी परत करणं हा आमचा खरा धंदा आहे, आणि आम्हाला तो चौदा खिळ्यांनी शिकवला.

मग खिळा बंद. पण खिळ्याशिवाय उभं काय करणार? ते शिकवलं एका मांडववाल्या मामांनी. फरशी फोडायची नसेल तर तेलाच्या डब्यात वाळू भरून त्यात बांबू रोवायचा. काथ्या ओला करून बांधायचा, वाळला की आवळतो. पडदा वाऱ्यावर फाटू नये म्हणून खालची कड मोकळी ठेवायची. आर्ट स्कूलमध्ये यातलं एकही आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मामा दर वेळी अर्धा दिवस आमच्यावर हसायचे आणि उरलेला अर्धा दिवस काम करून द्यायचे.

आम्ही काही नवीन करतोय असा तोरा सुरुवातीला होता. तो लवकर उतरला. कनात ठोकून महिनाभर एका गावात आणि पुढचा महिना दुसऱ्या गावात, हे तमाशाच्या फडांनी कधीपासून केलंय. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये 1974 पासून ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेनं प्रायोगिक नाटकं केली, तोही मुळात शाळेचाच हॉल. आणि आमच्या पेठांमधले गणपतीचे देखावे? दहा दिवसांसाठी रस्त्यात उभं केलेलं, अकराव्या दिवशी गायब.

या देखाव्यांवरच आमचं पोट आहे, हे सांगायला मला कधी लाज वाटली नाही. जूनपासून अनंत चतुर्दशीपर्यंत मंडळांची कामं: हलत्या मूर्ती, पडदे, लाईट. दिवाळीत शोरूमच्या काचा. या पैशावर मधल्या मोकळ्या दिवसांत आमचे स्वतःचे प्रकल्प. 2016 मध्ये भागीदारीची नोंदणी केली तेव्हा याच मुद्द्यावर भांडण झालं. एका भागीदाराला देखावा म्हणजे कला नव्हे असं वाटायचं. तो मुंबईला गेला, आता मालिकांचे सेट करतो. दिवाळीला फोन येतो. माझं मत बदललेलं नाही: एकवीस फुटी मूर्तीचा हात दहा दिवस न थांबता वर-खाली करायला लावणं जमलं तर बाकी पुष्कळ जमतं.

2017 च्या डिसेंबरात आम्ही एसटीनं मुंबईला जाऊन ससून डॉकमधलं प्रदर्शन बघून आलो. 1875 सालची गोदी, बाहेर कोळंबी सोलणाऱ्या बायका, आत भिंतभर चित्रं. माझ्या लक्षात राहिला तो वास. कुणीही तो घालवायचा प्रयत्न केला नव्हता. परतीच्या गाडीत वाठारच्या पुढं आलो तसा गुळाचा वास यायला लागला, आणि पुढची जागा ठरली.

गुऱ्हाळ पावसाळ्यात बंद असतं. काहिली पालथ्या पडलेल्या, चुलवाणात मांजरं व्यालेली. आम्हाला पालथी काहीलच हवी होती: आठ-नऊ फूट रुंद लोखंडी थाळा, खालून बोललं तर आवाज घुमून सगळ्या छपराला लागतो. गुळव्या अण्णांच्या आवाजात आम्ही एका आदणाची सगळी हकिगत मुद्रित केली, रस पडल्यापासून ढेप होईपर्यंत. तो आवाज काहिलीखालून सोडला. ऐकणारे भोवती चिपाडावर बसायचे. हंगाम नसल्यानं मालकांनी वीज तोडून घेतलेली होती, हे आम्ही विचारलंच नव्हतं. जनरेटरच्या भाड्यात निम्मं बजेट गेलं, आणि त्याचा धडधडाट अण्णांच्या आवाजावर मात करायला लागला. शेवटी जनरेटर दोनशे फूट लांब उसात नेऊन ठेवला. दानपेटीत 11,400 रुपये जमले. वायरचाच खर्च त्याहून जास्त होता.

एक गोष्ट मी सहसा सांगत नाही, पण नवीन मुलं ‘आम्हालापण जुन्या वाड्यात काहीतरी करायचंय’ म्हणत येतात, म्हणून सांगते. 2018 मध्ये एका पाडायला काढलेल्या वाड्यात आम्ही माडीवर प्रयोग ठेवला. पंचवीस माणसं धरली होती, साठ आली. कुणाला परत पाठवायचं जिवावर आलं. मध्येच तक्तपोशीनं आवाज केला. मोठा नव्हे, सुपारी फुटल्यासारखा. मी दिवे लावले आणि सगळ्यांना भिंतीच्या कडेकडेनं, एकेक करत खाली उतरवलं. कुणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी खालून बघितलं तर एक तुळई वाळवीनं आतून पोकळ झालेली. पडक्या जागेचं कौतुक फोटोत ठीक आहे. त्यानंतर इंजिनिअरचं पत्र हातात आल्याशिवाय आम्ही माडी चढत नाही, आणि माणसं मोजायला दारात ज्याला भीड नाही असाच माणूस उभा करतो.

कागदांचं थोडक्यात. मालकाला चित्राची भीती नसते, कुळाची असते. ‘एकदा शिरला की निघणार न्हाई.’ म्हणून आमचा करार भाड्याचा नसतो, वापराच्या परवान्याचा असतो, दिवस मोजून आणि नोंदणी करून, ताबा मालकाचाच. किल्ली परत द्यायची तारीख आम्ही ठळक अक्षरात टाकतो. नाटक असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, शिवाय पोलीस, अग्निशमन, आणि रात्री दहाला स्पीकर बंद. गोठ्यात प्रयोग करतो म्हणून यातलं काही माफ होत नाही.

2019 च्या ऑगस्टात पंचगंगा वाढत गेली. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोका. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमचं गोडाऊन नदीच्या अंगाला. डिमर, प्लाय, पडदे, सहा वर्षांचं सामान चिखलात गेलं. विमा नव्हता. बंद करावं असं मनापासून वाटलं होतं.

त्याच काळात नदीकाठच्या एका घरमालकांचा निरोप आला. घर पाडणार होते, त्याआधी आम्ही काही करणार का? आमच्याकडं करायला सामानच नव्हतं. मधल्या खोलीत भिंतीवर 2005 च्या पुराची पेन्सिलीची रेघ होती, त्यांच्या वडिलांनी तारीख घालून ओढलेली. तिच्या कितीतरी वर नव्या पाण्याची गढूळ कड. आम्ही खोली धुतली, फक्त भिंत सोडून. एक दिवा लावला, खाली एका वाटीत खडू ठेवले. गल्लीतली माणसं यायची, आपल्या घरात पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर दाखवायची आणि रेघ ओढून नाव लिहायची. काहींना स्टूल लागलं. चार दिवसांत भिंत भरली.

परत करायच्या दिवशी आम्ही बादली आणि फडकी घेऊन गेलो, नेमाप्रमाणे. मालक म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे.’ घर त्या वर्षी पाडलं नाही. 2021 ला पुन्हा पूर आला आणि खडूची सगळी नावं धुऊन गेली. पेन्सिलीची रेघ मात्र राहिली.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. 1915 सालचं, शाहू महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर; दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. रस्त्यात उभी राहून माणसं रडत होती, मीही त्यात होते. माझी पहिली शाळेची नाटुकली त्याच रंगमंचावर झाली होती. पुढच्या महिन्यात हौशी संस्थांचे फोन यायला लागले: तालमीला जागा आहे का, हॉलमध्ये रंगमंच कसा उभा करायचा, विंग कशाच्या करू? आम्ही आठ बाय चारचे प्लायचे अठरा पाट तयार केले, नटबोल्टवर जुळणारे, एका टेम्पोत मावणारे. खिळा एकही नाही. आता महिन्यातले दहा-बारा दिवस ते पाट बाहेरच असतात. भाडं घेतो, पण संस्था कुठली ते बघून.

यंदा पुन्हा त्याच गुऱ्हाळात जायचं ठरलंय. हंगाम सुरू व्हायच्या आधीचे दहा दिवस मिळालेत. वीज आधी विचारली, आहे. अण्णा थकलेत, आता त्यांचा पुतण्या बघतो. त्यानं एकच अट घातली. मागच्या खेपेला आम्ही काहिलीवर खडूनं माणसांच्या बसायच्या खुणा केल्या होत्या, त्या तशाच राहिल्या आणि पहिलं आदण चढवायच्या आधी काहील घासायला त्यांचा अर्धा दिवस गेला. नऊ वर्षांचा होता तेव्हा तो, तरी त्याच्या लक्षात आहे.

‘काहील घासून देणार असशीला तर या,’ म्हणाला. ‘नारळाच्या शेंड्या तुमच्या तुम्ही आणायच्या.’