तुम्ही विचारलंत म्हणून: चौदा जणांत तुमचं काय ऐकू येतं?

वेंगुर्ल्यात ‘मी ऑर्केस्ट्रात होतो’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गणपतीतला मांडव, निवेदक आणि जुनी फिल्मी गाणी येतात. तो ऑर्केस्ट्रा नव्हे, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा, हे सांगण्यात पाच मिनिटं जातात. मग पुढचा प्रश्न ठरलेला. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी खेचायचं मोठं जाळं, ओढणाऱ्या एकाने तो सगळ्यांत नेमका विचारला: “चौदा जण एकच वाजवतत, मगे तुमचा काय ऐकाक येता?”

मी शहाणपणा केला. म्हटलं, “तुम्ही एवढे जण दोर ओढता, त्यात तुझा मासा कुठला?”

“माझो वाटो ठरलेलो आसा,” तो म्हणाला. मी गप्प.

तर आता नीट सांगतो. मुंबईत ३१ वर्षं मी चौदा जणांच्या गटात सेकंड व्हायोलिन वाजवलं. सेकंड म्हणजे दुय्यम नव्हे, असं आम्ही सेकंडवाले म्हणतो. फर्स्टवाले नुसते हसतात. चाल बहुतेक त्यांच्याकडे, भरणा आमच्याकडे. श्ट्राउसचा ‘ब्लू डॅन्यूब’ घ्या, तीन मात्रांचा वॉल्ट्झ. पहिली मात्रा डबल बास या खर्जातल्या वाद्याची, दुसरी-तिसरी आमची. पा-पा, पा-पा, पानंच्या पानं.

त्यातही नोटेशनच्या एका स्टँडवर दोघं. प्रेक्षकांच्या बाजूचा वाजवत राहतो, आतला पान उलटतो. मी आतला. पान संपायच्या जरा आधी गज थांबवायचा, व्हायोलिन हनुवटीखाली तसंच धरून डावा हात पुढे करायचा आणि दुमडून ठेवलेला कोपरा चिमटीत पकडायचा. एकदा दोन पानं एकदम उलटली. शेजाऱ्याला ते पाठ होतं, तो वाजवत राहिला. मी गज तारेच्या केसभर वर धरून, वाजवतोय असं दाखवत जागा शोधत होतो. दुसऱ्या दिवशी तालमीला स्टँडवर कॅशियर नोटा मोजताना बोटाला घालतात तसली रबरी टोपी ठेवलेली. त्याने बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही.

आणि चौदा का, दोन का नाहीत? दोन व्हायोलिनं एकच सूर धरतात तेव्हा त्यांचं भांडण ऐकू येतं. किंचित वर, किंचित खाली, मधे थरथर. चौदा झाली की तीच थरथर दाट होते आणि कानाला गोड लागते. म्हणजे माझी बारीकशी बेसूरीही त्या गोडव्यात जमा आहे. हे मी घरी सांगत नाही.

पण खरं उत्तर रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या सहाव्या सिम्फनीत आहे, १८९३ सालच्या. शेवटच्या भागाच्या सुरुवातीला एक उतरती चाल आहे, आणि ती कुणीच वाजवत नाही. तिचे सूर फर्स्ट आणि सेकंडना आळीपाळीने वाटून दिलेत. कुठलाही एक कागद वाजवा, निरर्थक उड्या. दोन्ही मिळून चाल बनते ती ऐकणाऱ्याच्या कानात. पुढे तीच चाल परत येते तेव्हा मात्र सरळ फर्स्टना दिलीय. तेवढं मी चायकोव्हस्कीला माफ केलेलं नाही.

हे त्या रापणवाल्याला सांगून कळणार कसं? जूनमध्ये समुद्र बंद, तो मोकळाच होता. पावसात माझ्या व्हायोलिनच्या खुंट्या फुगून घट्ट बसतात, सूर लावतानाच अर्धा तास गेला. पडवीत बसून माझी ओळ वाजवली.

“ह्येच्यात गाणा खंय आसा?”

फर्स्टची ओळ मी आधीच मोबाइलमध्ये रेकॉर्ड करून ठेवली होती. ती लावली आणि वर माझी वाजवली. दुसऱ्या खेपेला जुळलं. तो पागोळ्यांकडे बघत होता, एकदम वळला.

“आता इला,” म्हणाला. मग थोडा विचार करून, “पण ता तुमच्यातला की मोबाइलातला?”