फोंडा ते दादर: विमान पाऊण तासाचं, प्रवास सहा तासांचा

भाच्याच्या साखरपुड्यासाठी गेल्या आठवड्यात मुंबईला जाऊन आलो. गोव्यात विमानतळ दोन, दाबोळी आणि मोपा; जाताना दाबोळीहून गेलो आणि येताना मोपाला उतरलो. हे ठरवून केलं नव्हतं. परतीचं तिकीट सहाशे रुपयांनी स्वस्त दिसलं आणि मी पुढचं काही न वाचता काढून टाकलं. गाडी मात्र दाबोळीच्या पार्किंगमध्ये!

आधी अंतराचं सांगतो. मुंबई ते दाबोळी सरळ रेषेत साधारण सव्वाचारशे किलोमीटर. मोपा उत्तरेला पेडण्यात असल्यामुळे ते अंतर चाळीसेक किलोमीटरनी कमी, पण विमानात बसल्यावर हा फरक जाणवतसुद्धा नाही. तिकिटावर सव्वा तास लिहिलेला असतो. तो विमान जागेवरून हललं तिथपासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा. मी घड्याळ लावून पाहिलं, हवेत होतो जेमतेम 48 मिनिटं. बाकीचा वेळ धावपट्टीपाशी रांग लावण्यात आणि उतरल्यावर जागेवर पोचण्यात जातो.

आता खरा हिशेब. फोंड्याहून साडेअकराला निघालो. बोरीच्या पुलावर वाहनं तुंबलेली, दाबोळी गाठायला तासाच्या वर गेला. विमान 2:40 चं. दादरला भावोजींच्या दारात पोचलो तेव्हा 5:20 झाले होते. पावसाळा नसेल तेव्हा मडगावहून वंदे भारत पावणेआठ तासांत सीएसएमटीला नेते, म्हणजे मडगावकराने दोनदा विचार करावा.

परतताना मोपाला सात वाजता उतरलो. विमानतळ प्रशस्त आहे, तक्रारीला जागा नाही. पण दाबोळी तिथून रस्त्याने साठेक किलोमीटर, मध्ये मांडवी आणि झुआरी दोन्ही ओलांडायच्या. कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी, बस पकडून पणजीला आलो, तिथून पुतण्याने दुचाकीवर दाबोळीला सोडलं. घरी पोचायला अकरा वाजले. वाचलेले सहाशे बस, पेट्रोल आणि पुतण्याला चारलेल्या शवर्म्यात गेले.

तेव्हा तिकीट काढताना नुसतं 'गोवा' वाचून थांबू नका. तिकिटावरच्या विमानतळाच्या कोडात जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. पेडणे, म्हापसा, डिचोली आणि तिकडे सावंतवाडीवाल्यांना मोपा सोयीचं. मडगाव, वास्को, केपे, काणकोणवाल्यांनी दाबोळीच धरावं. पणजीकरांना दोन्ही चालतात, त्यांनी खुशाल स्वस्त तिकीट बघावं. मोपाहून बस घेणार असाल तर निघायच्या आधी वेळा पाहून ठेवा, रात्री बस नसली तर टॅक्सीशिवाय इलाज नसतो. मुंबईत टर्मिनल एक की दोन, हेही तिकिटावर तपासा. दोन्हींची दारं वेगळ्या रस्त्यांवर आहेत आणि चुकलात तर रिक्षा शोधत फिरावं लागतं.

दाबोळी नौदलाच्या तळावर आहे, धावपट्टीचे फोटो काढायला गेलात तर हटकतील. खिडकी हवी असेल तर गोव्याकडे येताना उजवीकडची घ्या, समुद्र त्या बाजूला राहतो.

लग्न मार्गशीर्षात आहे. जाता-येता दोन्ही तिकिटं दाबोळीची काढून ठेवलीत.