प्राध्यापक टिकत का नाहीत?
आज दिवसभर प्राध्यापकांच्या राजीनाम्यांवर चर्चा झाली आणि ती पगारावरच अडली. पगार वेळेवर हवाच, पण माणूस मनाने राजीनाम्याआधीच निघालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने खचून जाण्याची, तीन लक्षणं मांडली: थकवा, कामाबद्दल अलिप्तपणा, घटलेली परिणामकारकता. एखाद्या प्राध्यापकात अलिप्तपणा जाणवला की त्याच्याशी लगेच बोला. राजीनाम्यानंतरची मुलाखत फार उशिराची. सलग तीन तासिका टाळा. पेपर तपासणीचे तास कार्यभारात धरा. हेच हमखास राहतं आणि गठ्ठे घरी जातात, रविवार संपतो. नवीन शिक्षकाला पहिल्या सत्रात समितीचं काम देऊ नका. एखादं तणावमुक्ती शिबिर घेऊन कार्यभार तोच ठेवला, तर लोक चिडतात, आणि ते रास्तच आहे. बसायला स्वतःचं टेबल आणि कुलपाचं कपाट, एवढं तरी उद्याच देता येईल.