पाचवी ते सातवीसाठी कादंबऱ्या निवडताना : माझा अनुभव

गोष्टींची पातळ, रंगीत पुस्तकं आमच्या शाळेत पहिल्यापासून भरपूर आहेत. पानभर चित्र आणि खाली चार ओळी. तिसरी-चौथीची मुलं त्यांचा फडशा पाडतात. अडचण येते ती पुढे. पाचवीत गेलेल्या मुलाला ती पुस्तकं लहान मुलांची वाटायला लागतात आणि मोठ्यांची कादंबरी अजून पेलत नाही. या दोन-तीन वर्षांत वाचनाची गोडी गेली की ती परत आणणं फार कठीण, हे मी वाईसारख्या ठिकाणी मराठी शिकवताना वर्षानुवर्षं बघत आले आहे. म्हणून माजी विद्यार्थ्यांनी शाळेला पुस्तकांसाठी देणगी दिली, तेव्हा मी मुख्याध्यापकांकडे हट्टच धरला: या पैशातून फक्त कादंबऱ्या घ्यायच्या. शब्दकोश नको, सामान्यज्ञान नको, थोरांची चरित्रंसुद्धा आत्ता नकोत.

कादंबरीच का, हे स्टाफरूममध्येही विचारलं गेलं. माझं म्हणणं सरळ होतं. कथा एका बैठकीत संपते. कादंबरीत मात्र मूल एकाच मुलाबरोबर आठवडाभर राहतं, त्याच्याबरोबर चुकतं, घाबरतं, काल कुठे थांबलो होतो ते लक्षात ठेवतं. पुढच्या इयत्तांचं सगळं वाचन या सवयीवर उभं राहणार असतं.

खरेदीला पुण्याला गेले, अप्पा बळवंत चौकात. दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबऱ्या दाखवा म्हटलं की काउंटरवर आधी संस्कारकथा येतात, मग अकबर-बिरबल, मग जाड अक्षरातली इसापनीती. नेटाने पुन्हा पुन्हा सांगितल्यावर मागच्या कपाटातून खरी पुस्तकं निघाली. मी उभ्या उभ्याच प्रत्येक पुस्तक मधेच कुठेतरी उघडून दोन पानं वाचत होते. पहिलं पान सगळेच जपून लिहितात, पुस्तकाची खरी ओळख मधल्या पानावर होते. तिथे मुलं स्वतः काही करताहेत की कुणीतरी मोठा माणूस त्यांना समजावून सांगतो आहे, एवढंच बघायचं. जिथे काका-आजोबा दर प्रकरणाच्या शेवटी बोध सांगताना दिसले, ती पुस्तकं बाजूला ठेवली. मग अक्षराचा आकार. बारीक टाइप आणि खचाखच भरलेलं पान दिसलं की आमच्याकडची निम्मी मुलं पुस्तक मिटतात, मजकूर कितीही चांगला असो.

आणखी एक गोष्ट ठरवून केली. वेगवेगळी पन्नास पुस्तकं घेण्याऐवजी मोजकीच शीर्षकं निवडली आणि प्रत्येकाच्या चार-पाच प्रती घेतल्या. एकट्याने वाचलेल्या पुस्तकाबद्दल या वयात कुणाशी बोलता येत नाही. चौघं एकाच वेळी एकच पुस्तक वाचत असले की मधल्या सुट्टीत ‘तू कुठवर आलास?’ सुरू होतं, आणि मागे पडलेला रात्री वाचून येतो.

सुरुवात फास्टर फेणेने केली. भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकणारा, अंगाने काटकुळा, सायकलवर सुसाट. आठवड्यातून दोनदा शेवटच्या तासाला मी वाचायचे, मुलं ऐकायची. त्याचा तो ‘ट्टॉक’ पहिल्यांदा आला आणि वर्गातली झाडून सगळी मुलं टाळ्याला जीभ लावून आवाज काढायला लागली, शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला आल्या. प्रकरण संपायच्या थोडं आधी, नेमक्या अडचणीच्या जागी मी पुस्तक मिटायचे. “बाई, फक्त एक पान!” असा गलका व्हायचा. मग सांगायचे, कपाटात चार प्रती आहेत, ज्याला धीर नाही त्याने घेऊन जा. त्या प्रती पुढचे कित्येक आठवडे कपाटात परत आल्याच नाहीत, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात राहिल्या.

लांब वाचन कानापासून सुरू होतं, हे मला तिथे पटलं. ज्या मुलांना जोडाक्षरं अडतात, वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरते, त्यांना पहिली तीन प्रकरणं ऐकायला मिळाली की पात्रं ओळखीची होतात, लेखकाच्या बोलण्याची लय कानात बसते. चौथं प्रकरण ती मग स्वतः ओढतात. सहावीतली एक मुलगी ओळीखाली बोट धरून वाचायची आणि वर्णनाचा परिच्छेद आला की बोट सरळ पुढच्या संवादावर न्यायची. मी काही बोलले नाही. वर्षाच्या शेवटी-शेवटी तिचं बोट वर्णनावरूनही सरकायला लागलं होतं.

फेणेच्या पुस्तकांचा काळ जुना आहे, पुणंही जुनं. जुन्या पुस्तकांत तार येते, ट्रंककॉल येतो, टांगा येतो. मुलांना ते अडतं असं मोठ्यांना वाटतं. मुलं मात्र आजोबांना विचारून येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगतात. ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’चं मात्र तसं झालं नाही. पुस्तक प्रेमळ आहे, पण त्यातल्या घराची रीत आणि बोलणं आमच्या वस्तीतल्या मुलांपासून बरंच दूर पडतं. ते मी वाचून दाखवण्यासाठी ठेवलं, एकट्याने वाचायला दिलं नाही.

ज्यांना अजून सलग शंभर पानांची भीती वाटते त्यांच्यासाठी दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ हा उत्तम पूल आहे. प्रत्येक प्रकरणात बोक्याचा एक उद्योग पूर्ण होतो, त्यामुळे मधे चार दिवस खंड पडला तरी बिघडत नाही. आणि तो बोक्या, म्हणजे चिन्मयानंद सातबंडे, प्रत्येक वेळी कुणाच्या तरी मदतीला धावलेला असतो. ते कुठे बोलून दाखवलेलं नाही, तरी मुलांच्या बरोबर लक्षात येतं.

रहस्यकथांची भूक या वयात जबरदस्त असते. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा-कादंबऱ्या अशोक जैन यांच्या अनुवादात मराठीत आहेत, आणि सातवीला त्या घेतल्याच पाहिजेत. गोष्ट सांगतो फेलूदाचा धाकटा चुलतभाऊ तोपशे. त्यामुळे वाचणाऱ्या मुलाला वाटतं आपणही त्या रेल्वेच्या डब्यात बसलो आहोत, जैसलमेरच्या सोनेरी किल्ल्याकडे निघालो आहोत. यातून भूगोलही शिकून होतो. मुलं नकाशा काढून बसली होती. उणीव एकच, यात मुली जवळजवळ नाहीत. आमच्या मुलींनी ती लगेच पकडली आणि “बाई, मुलगी डिटेक्टिव्ह असलेलं पुस्तक आणा” अशी मागणी केली. मराठीत ती जागा अजून बरीचशी रिकामी आहे. लिहिणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं असं फार वाटतं.

मुलींच्या बाजूने ‘तोत्तोचान’ने मोठं काम केलं. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांची ही आपल्या शाळेची आठवण. काटेकोरपणे कादंबरी नव्हे, पण वाचली जाते कादंबरीसारखीच. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद स्वच्छ आहे आणि प्रकरणं दोन-तीन पानांची. रेल्वेच्या डब्यांत भरणारे वर्ग, आणि पहिल्याच दिवशी चार तास त्या मुलीचं बोलणं ऐकून घेणारे कोबायाशी मुख्याध्यापक. हा भाग वाचून झाल्यावर वर्ग काही वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरून एकाने विचारलं, “चार तास? मधे एकदाही ‘पुरे’ म्हणाले नाहीत?”

पण माझ्या वर्गात सगळ्यात खोल गेलं ते ल. म. कडू यांचं ‘खारीच्या वाटा’. साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार या कादंबरीला 2017 साली मिळाला. गावातलं, रानातलं एका मुलाचं बालपण आणि त्या गावावर येणारं धरणाचं पाणी. वाईच्या वर्गात हे पुस्तक वाचणं म्हणजे काय, ते तिथे बसल्याशिवाय कळायचं नाही. धोमचं धरण आमच्या उशाशी आहे, आणि कोयनेच्या पाण्यामुळे उठलेली घरं जिल्हाभर विखुरली आहेत. पाण्याचा उल्लेख आला तेव्हा एक मुलगी म्हणाली, “आमच्या आजीचं गाव पण खालीच हाय, बाई.” दुसऱ्या दिवशी ती वहीच्या मागच्या पानावर आजीने सांगितलेली शेतांची नावं लिहून घेऊन आली. प्रत्येक तुकड्याला वेगळं नाव होतं, विहिरीला होतं, एका चिंचेलाही होतं. ती यादी तिने वर्गासमोर वाचून दाखवली. त्यानंतर आणखी तिघा-चौघांनी घरी विचारलं. मुलांना स्वतःच्या मातीतलं पुस्तक द्यावं असं सगळेच म्हणतात. ते पुस्तक त्यांच्या घरातल्या कुणाचं तरी तोंड उघडायला लावतं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

सातवीच्या चांगल्या वाचकांसाठी दोन जाड अनुवादित पुस्तकं घेतली होती: शांता शेळके यांचं ‘चौघीजणी’ आणि राम पटवर्धन यांचं ‘पाडस’. ‘चौघीजणी’ला अमेरिकेतलं घर असूनही काही समजावून सांगावं लागलं नाही. बहिणी-बहिणींची भांडणं, पैशांची ओढाताण, लांब लढाईवर गेलेले वडील. शांताबाईंचं मराठी इतकं घरगुती आहे की मुली थेट आत शिरल्या. ‘पाडस’चं तसं नाही. मार्जोरी रॉलिंग्जच्या या कादंबरीला 1939 साली पुलित्झर मिळालं. फ्लोरिडाच्या रानातला ज्योडी हरणाचं पिल्लू वाढवतो, आणि ते पिल्लू मोठं होऊन शेतातलं पीक खायला लागतं. शेवट कठोर आहे. एक मुलगा पुस्तक संपवून ते टेबलावर ठेवून निघून गेला, माझ्याशी बोललाच नाही. संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला, “असलं रडवणारं कशाला देता?” मी त्यांना म्हटलं, दोन दिवस थांबा, आणि जमलं तर तुम्हीपण वाचा. काही दिवसांनी तोच मुलगा ती प्रत मित्रासाठी मागायला आला. बारा वर्षांच्या मुलाला पुस्तकातलं दुःख सोसतं. पण ‘पाडस’ कुणाच्या हातात द्यायचं ते मूल बघून ठरवावं. सरसकट वाटू नये.

पालकांचा आग्रह अर्थातच ‘श्यामची आई’साठी होता. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक रात्रीरात्रींत विभागलेलं आहे, सांगण्यासाठीच रचलेलं आहे. म्हणून ते तसंच वापरावं, एका वेळी एक रात्र, मोठ्याने, शक्यतो घरी आईने किंवा बाबांनी वाचलेली. शाळेतून सक्तीने पूर्ण वाचून घेतलं तर मुलं त्यातला ओलावा सोडून देतात आणि उपदेश तेवढा लक्षात ठेवतात.

काही पालकांना स्कॉलरशिपच्या अभ्यासाची काळजी होती. त्यांच्याशी मी वाद घातला नाही, उताऱ्यावरचे प्रश्न मूल किती वेळात सोडवतं ते बघा म्हटलं.

वाचून झाल्यावर परीक्षण, सारांश, तात्पर्य यांतलं काहीही मागायचं नाही हे मी ठरवलं होतं. कपाटाला दोऱ्याने एक वही बांधली. पुस्तक परत करताना त्यात एकच ओळ लिहायची: हे पुस्तक कुणी वाचावं. “ज्याला कुत्रा पाळायचाय पण घरचे नको म्हणतात त्याने.” “ज्यांची शाळा बदलली आहे त्यांनी.” एका मुलीने ‘तोत्तोचान’पुढे लिहिलं, “बाईंनी.” पुस्तक निवडताना मुलं माझ्याकडे कमी आणि त्या वहीकडे जास्त जायला लागली.

ज्यांना अशी खरेदी करायची आहे त्यांना दोन गोष्टी सांगते. चांगली शीर्षकं बाजारात सतत मिळत नाहीत, आवृत्ती संपली की वर्षानुवर्षं थांबावं लागतं. दिसली की लगेच घ्या, जुन्या पुस्तकांच्या दुकानातही शोधा. आणि पैसे अपुरे असतील तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहेच. ते 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत वाचता येतात. मोठ्या पडद्यावर लावून वर्गाला वाचून दाखवायला ते फार चांगले.

यंदाच्या यादीत संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ आणि भारत सासणे यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ घातलं आहे. फेणेच्या प्रती पुन्हा घ्यायच्या आहेत, जुन्यांची पानं सुटली. प्रकाश नारायण संतांच्या कथांमधला लंपन मात्र अजून सातवीच्या दोघा-तिघांनाच देते. बेळगावकडची ती बोली कानाला लागायला वेळ लागतो, म्हणून ‘वनवास’मधली पहिली कथा या वर्षी मी मोठ्याने वाचणार आहे.