एक घर, दोन पाखे आणि फॉर्मातला एकच चौकोन

छपराचा उतार मोजणं अजिबात अवघड नाही. शाळेतला पायथागोरस, एक ओळंबा आणि एक टेप एवढ्यावर भागतं. अवघड आहे ते मोजलेला उतार पत्र्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या गळी उतरवणं. मे संपत आलेला, मृग दारात, कौलं उतरवायला माणसं ठरवलेली, आणि काउंटरवरचा मुलगा मला शांतपणे सांगतोय, "ताई, उताराचा एकच आकडा टाकता येतो." तो राग अजून पुरता उतरलेला नाही, म्हणून लिहितेय.

गुहागर तालुक्यातलं सासरचं घर. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. बांधणाऱ्याने मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणी एकाच पाख्याखाली, म्हणजे छपराच्या एकाच उतरत्या बाजूखाली घेतली, त्यामुळे आढं, म्हणजे दोन पाखे वर जिथे मिळतात तो माथा, घराच्या मध्यावर नाही, पुढच्या बाजूला सरकलेलं आहे. साहजिकच पुढचा पाखा उभा आणि आखूड, मागचा लांब आणि पसरट. पसरट उतारावर जोराचा वारा आला की पाणी कौलांच्या सांध्यातून उलटं आत शिरतं. वळचणीचं, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या खालच्या कडेचं, पाणी आढ्याला जातं म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि खाली पातेलीही ठेवली आहेत. त्यात माकडं. दरवर्षीच्या शाकारणीला, म्हणजे कौलं नीट करून लावायला, माणसं मिळेनात. शेवटी पत्रे घालायचं ठरलं. त्यावर घरात झालेली वादावादी इथे सांगत नाही.

मापं घेतली ती अशी. माळ्यावर चढून दोन फुटी लेव्हल वाशाच्या खालच्या कडेला एका टोकाने टेकवली, बुडबुडा मध्यावर आणला आणि दुसऱ्या टोकापासून वाशापर्यंतचं उभं अंतर मोजलं. पुढच्या पाख्याला १३ इंच आलं, मागच्याला १० इंच. म्हणजे पुढे फुटाला साडेसहा इंच, मागे फुटाला पाच. आमचे जुने सुतार म्हणाले, "वयनी, हे मी न मोजता सांगितलं असतं." सांगितलंही असतं, पण दुकानदार त्यांच्या तोंडी हिशोबावर पत्रा कापत नाही. अंश हवे असतील तर मोबाइलच्या कॅल्क्युलेटरमध्ये १३ भागिले २४ करून टॅन इन्व्हर्स दाबा: २८.४. मागचे २२.६. कौलाला साधारण २५ ते ३० अंश लागतात. मागची बाजू का गळत होती ते इथेच कळलं.

मग आढ्यावरून ओळंबा सोडला. तो पडला तिथून पुढची भिंत १२ फूट, मागची १५ फूट ७ इंच. आढ्याची उंची भिंतीच्या माथ्यापासून साडेसहा फूट. दोन्ही भिंतींचे माथे एका पातळीत आहेत का, हे पारदर्शक नळीत पाणी भरून आधी बघून घ्या. जुन्या घरात गृहीत धरू नका. आता १२ चा वर्ग अधिक साडेसहाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ: पुढचा पाखा १३ फूट ८ इंच. मागचा १६ फूट ११ इंच. भिंतीबाहेर वळचण दोन्हीकडे दोन फूट, तीही तिरपी धरायची. सगळं मिळून पुढे १६ फुटी पत्रा, मागे १९ फुटी. एका सकाळचं काम.

आता ते दुकान. तिथे थेट लांबी सांगून चालत नाही. घराची रुंदी आणि उतार टाकायचा, लांबी कॉम्प्युटर काढणार. फॉर्मात चौकोन दोनच, रुंदीचा एक आणि उताराचा एक. मी म्हटलं, दोन पाख्यांचे दोन उतार आहेत. मुलगा म्हणाला, "असं नसतं ताई. आढं मध्येच असतं." मी कागदावर चित्र काढून दाखवलं. त्याने चित्राकडे न बघता विचारलं, "मिस्त्री आलेत का? त्यांना फोन लावा." लावला. सुतारांनी तेच आकडे सांगितले. मग साहेब जेवायला गेलेत, मग साहेब साइटवर आहेत, मग उद्या या. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "मग सरासरी टाकू ना!"

सरासरीने काय होतं ते मी त्यांच्याच कोटेशनच्या पाठीवर मांडलं. एकूण रुंदी २७ फूट ७ इंच, तिची निम्मी धरली तर दोन्ही पाखे १५ फूट ३ इंचांचे निघतात. म्हणजे पुढे पत्रा दीड फुटाहून जास्त लोंबणार आणि मागे तेवढाच कमी पडणार. मागची दोन फुटांची वळचण सहा-सात इंचांवर येणार आणि चिऱ्याची भिंत चार महिने भिजणार. आणि त्याच कोटेशनच्या तळाला ठळक अक्षरांत: कापलेला माल परत घेतला जाणार नाही. साहेब म्हणाले, "सिस्टीम घेत नाही, मी काय करू?"

घरी येताना एसटीत तोडगा सुचला, आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. एका घराऐवजी दोन एकपाखी शेड सांगायच्या! पहिली १४ फूट रुंद, उतार २८.४. दुसरी १७ फूट ७ इंच, उतार २२.६. रुंदीत वळचण धरलेली. सिस्टीमने मुकाट्याने १६ आणि १९ फूट काढून दिले. तुमचं घर असं वाकडं असेल तर पहिल्याच दिवशी हे करा, वाद घालू नका. फक्त दोन गोष्टी बघा. कोटेशन दोन झाली की गाडीभाडंही दोनदा लागतं. एक भाडं खोडून घ्या. आणि एकपाखी शेडला आढं नसतं, त्यामुळे आढ्यावरची कॅपिंग, म्हणजे दोन्ही पाख्यांचा सांधा झाकणारी वाकवलेली पट्टी, यादीत येतच नाही. ती वेगळी मागा.

हो, एक राहिलं. मोबाइल कौलावर ठेवून उतार घेऊ नका. प्रत्येक कौल खालच्या कौलावर चढलेलं असतं, त्यामुळे ते वाशापेक्षा थोडं आडवं बसतं आणि अंश कमी दिसतात. मोबाइल वाशालाच लावा, कव्हर काढून, आणि कॅमेऱ्याचा उंचवटा टेकणार नाही असा. जुने वासे मध्ये झुकलेले असतात, म्हणून दोन-तीन वाशांवर, वर आणि खाली, अशी मापं घ्या.

कॅपिंग वाकवायला कोन विचारतात. १८० मधून दोन्ही पाख्यांचे अंश वजा करायचे. आमचा १२९ आला. त्यासाठी एकच आकडा लागत होता, तेव्हा तो मात्र लगेच घेतला.