इंजिनिअरिंग सोडून न्यूरॉलॉजी? तुम्ही विचारलंत म्हणून...

"इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअर होतात ना, मग मध्येच न्यूरॉलॉजी कुठून आली?" लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, कॉलेजात भाषणाला गेले की विद्यार्थीही विचारतात. सोडलं काहीच नाही. आजही मी सिग्नलच वाचते, फक्त तो कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूतून येतो.

ओढ लागली ती फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या आलीम-लुई बेनाबिद यांच्याबद्दल वाचून. न्यूरोसर्जन, शिवाय भौतिकशास्त्रातही डॉक्टरेट. हाताचा कंप थांबवायला तेव्हा मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमस या केंद्राचा छोटा भाग जाळून टाकत, आणि त्याआधी जागा बरोबर आहे ना, हे तिथे वीज सोडून तपासत. १९८७ मध्ये बेनाबिद यांच्या लक्षात आलं, की सेकंदाला शंभरेक स्पंदनं दिली की कंप तिथल्या तिथे थांबतो. मग जाळायचं कशाला? त्यांनी इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पोचवणारी बारीक तार, आतच ठेवला. जाळलेलं परत येत नाही. वीज कमी-जास्त करता येते, बंदही करता येते. मेडिकलला जायचं माझं तेव्हाच ठरलं.

तिथे मला खटकलं ते मोजमाप. रुग्णाला अंगठ्यावर तर्जनी आपटायला सांगतात, जमेल तितकी मोठी उघडून, जमेल तितकी भरभर. सुरुवातीला बोटं छान उघडतात, मग अंतर आखडत जातं, मध्येच अडकतं. हे बघून डॉक्टर ० ते ४ मधला एक आकडा लिहितात. मुरलेल्या नजरेला यात पुष्कळ कळतं, पण कळतं ते तेवढ्या वेळापुरतं. शेजारी बसलेल्या काकू सांगत असतात, "तुमच्यासमोर कसे ताडताड चालतात बघा! घरी उंबऱ्याशी पाय चिकटतात." काकूंचं खरं असतं, आणि ते त्या आकड्यात कुठेच येत नाही.

कंपवातात इलेक्ट्रोड बऱ्याचदा थॅलॅमसच्या खालच्या सबथॅलॅमिक न्यूक्लिअस या केंद्रात ठेवतात. ते जेमतेम सेंटिमीटरभर. तिथल्या इलेक्ट्रोडमधून वीज देता येते, तशी मेंदूची स्वतःची वीज वाचताही येते. औषधाचा अंमल उतरला की बऱ्याच जणांत सेकंदाला १३ ते ३० आवर्तनांची बीटा लय वर चढते, गोळी लागू पडली की खाली येते. स्क्रीनवरचा तो उंचवटा बसत असताना समोरच्या माणसाची बोटं मोकळी होताना बघणं, यासाठी मी कितीही वर्षं द्यायला तयार आहे.

ही लय ओळखून वीज आपोआप बदलणाऱ्या उपचाराला २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीचं नेतृत्व स्टॅनफर्डच्या हेलन ब्राँटी-स्टुअर्ट यांनी केलं. त्या न्यूरॉलॉजिस्ट, आणि बायोइंजिनिअरिंगही शिकलेल्या. माझ्यासारखे आणखीही आहेत, एवढं यावरून कळावं.

या विजेने आजार बरा होत नाही, त्याची वाढ थांबते असंही सिद्ध झालेलं नाही. तोल जाणं, गिळायला त्रास होणं यांवर तिचा फारसा उपयोग होत नाही. आणि उंबऱ्याशी अडकणारे पाय काही जणांचे सुटतात, काहींचे नाही. असं का, हे शोधण्यात माझे सध्याचे दिवस जातात. बुटात बसवलेल्या सेन्सरची नोंद आणि मेंदूतली नोंद एकाच घड्याळावर जुळवायची, हे पहिलं काम. ते निखळ इंजिनिअरिंगचंच आहे.