कुणाला त्रास नाही हो त्याचा

"कुणाला त्रास नाही हो त्याचा," बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मावशी आज चहा देता देता म्हणाल्या. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. खिडकीच्या काचांवर आतून वर्तमानपत्रं डकवलेली, जुन्यांवर नवी. खालची पार पिवळी पडलीयत.

आत त्यांचा मुलगा, माझ्याच वयाचा, इंजिनिअर. 'शेजारचे माझ्याबद्दल बोलतात' म्हणायला लागला, तेव्हा आधी दृष्ट काढली. मग एका बापूंचा अंगारा. मग लग्न केलं की सुधारेल म्हणून मुलीही पाहिल्या (हा उपाय कुणी शोधला, देव जाणे). डॉक्टर तेवढे राहूनच गेले. कारेलीबागेत सरकारी मनोरुग्णालय आहे, पण तिथे कुणी पाहिलं तर?

नोकरी गेली, मित्र तुटले. आता दातही चाललेत, कारण दातांच्या डॉक्टरकडे जायलाही तो उंबरा ओलांडत नाही.

अशा आजारात उपचार जितके लांबतात, तितकं सावरणं अवघड होत जातं. आणि हे एकाच घरातलं नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उपचारांविना राहिलेल्यांचं प्रमाण आजारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं होतं.

त्रास कुणाला नाही म्हणे! सत्तरी ओलांडलेल्या मावशी दोन्ही वेळचं ताट दाराशी ठेवतात, गणपतीलाही माहेरी जात नाहीत.

निघताना टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर कालनिर्णयावर लिहून दिला. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, म्हटलं.

मावशींनी हळूच विचारलं, "फोन उचलणारा आपल्या ओळखीतला तर निघणार नाही ना रे?"